काटा जमेकडे

धाकट्या बहिणीच्या, बसंतच्या पत्राला मी उत्तर पाठवलं नव्हतं. दिवाळी उलटून गेल्यावर आलेलं ते निळं आंतर्देशीय माझ्या टेबलावर शब्दकोशाला टेकून पडलेलं असे, आणि रोज सकाळी चहा घेताना मी त्याच्याकडे, चेहरा ओळखीचा पण नाव आठवत नाही अशा माणसाकडे बघावं तसं चोरून बघत असे. अक्षरं मोठीमोठी, ओळी उजवीकडे वर चढत गेलेल्या. तिला लिहायला मीच शिकवलं होतं, लहानपणी, लाकडी पाटीवर, आणि पाटी मांडीवर तिरपी धरायची तिची खोड पुढे कागदावरही गेली नाही. "वीरा," आमच्याकडे भावाला म्हणतात तसं तिनं लिहिलं होतं, "ट्रॅक्टरची बॅटरी सारखी मरते. काटा जमेकडे असतो तरी मरते. मिस्त्रीनं दोनदा सामान बदललं. माघीच्या जत्रेपर्यंत दिवे नीट झाले नाहीत तर जगसीर त्याचा नवा ट्रॅक्टर काढणार आणि मला ट्रॉलीत बायकांमध्ये पोत्यासारखं बसवणार. मी बसणार नाही. बापूंच्या वेळी पुस्तक तूच वाचायचास. ये. आणि आलास की परत जाऊ नकोस. अंगणाकडच्या खोलीला मी चुना दिलाय. फोन करू नकोस, फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं. लिहून कळव."

जगसीर तिचा मुलगा. यातल्या ट्रॅक्टरला मी उत्तर देऊ शकलो असतो. चुन्याला देता येईना. कॉलेजच्या ग्रंथालयात जन्म काढलेला माणूस मी. दुसऱ्यांनी लिहिलेलं जपून ठेवण्याची सवय, स्वतः लिहायची वेळ आली की पेन जड होतं. तरी पुष्कळदा बसलो. लिहायचो, वाचायचो, एखादा शब्द उद्धट वाटायचा, तो खोडला की उरलेलं वाक्य भिकाऱ्यासारखं दिसायचं. आणि प्रत्येक वेळी, सही करायच्या जरा आधी, ती जुनी म्हण कानाशी यायची. बहिणीच्या घरी भाऊ कुत्रा, सासऱ्याच्या घरी जावई कुत्रा. आमच्याकडे दिलेल्या मुलीच्या गावचं पाणीसुद्धा न पिणारे लोक मी पाहिले आहेत. आमचे वडील, बापू, बसंतच्या गावी जायचे तेव्हा आपला पाण्याचा तांब्या बरोबर न्यायचे. आणि मी तिथं जाऊन राहायचं? सतवंत, माझी बायको, असती तर तिनं एका वाक्यात निकाल लावला असता. ती गेल्यापासून माझ्या घरात निकाल लागायचे बंद झाले होते.

लुधियान्यात माझी खोली एका होजियरीच्या दुकानावर आहे. दिवसभर खाली यंत्रं स्वेटर विणतात आणि माझ्या पलंगाचे पाय बारीक थरथरतात. मालक भला माणूस. दर हिवाळ्यात एक फसलेला स्वेटर मला आणून देतो. यंदाच्याचा एक हात लांब होता. लोहडीच्या, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशीच्या सणाच्या, आधीची गोष्ट, धुकं दोन दिवस हटून कोरडं ऊन पडलं होतं. आंघोळीला जायचं म्हणून, पगडी बांधायच्या आधी, मी तो स्वेटर डोक्यावरून काढला. कानांपाशी, वाळकं गवत पेटावं तसा तडतड आवाज झाला, दाढीचे केस एकेक करून उभे राहिले, आणि तसाच मी दाराच्या कडीला हात लावायला गेलो तर बोटापासून कडीपर्यंत एक निळी ठिणगी उडाली. चावलीच. बोट तोंडात घालून मी दाराशी उभा राहिलो. एवढंच झालं. पण ती ठिणगी मी आधी कुठंतरी बघितली होती, अशीच निळी, अशीच क्षणभर, आणि तिच्यापाठोपाठ कुणीतरी मोठ्यानं हसलं होतं. बोट तोंडात असतानाच मला डिझेलचा वास आला. मग अंगण आलं, शेवरीखालची बाज आली, आणि बापू आले.

बापूंनी ट्रॅक्टर घेतला तेव्हा आसपासच्या गावांतले लोक तो बघायला चादरी अंगावर घेऊन यायचे. यंत्राबरोबर इंग्रजीतलं एक पुस्तक आलं होतं आणि घरात इंग्रजी येणारा मी एकटा. मी बाजेवर बसून वाचायचो, मनातल्या मनात उलथापालथ करून आमच्या बोलीत सांगायचो, आणि मुख्तियार ड्रायव्हर त्याप्रमाणे पाना फिरवायचा. मला हात लावायची परवानगी नव्हती. "तू वाच. हात लावू नकोस," बापू म्हणायचे. रागानं नव्हे. मी हात लावलेली वस्तू पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, याचा त्यांनी लहानपणापासून अनुभव घेतला होता. एकदा डायनामो जळाला. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी भरणारं ते नळकांडं. नवं आणून बसवलं, आणि मी पुढचं पान वाचू लागलो. "काय म्हणतंय?" बापूंनी विचारलं. "म्हणतंय की नव्या डायनामोला आपली दिशा ठाऊक नसते. बॅटरीवरून एक तार आणून त्याला एकदा टेकवायची, तेवढ्यानं त्याला कळतं. मग लोखंड ते लक्षात ठेवतं." "लोखंड लक्षात ठेवतं?" "हो, बापू. यंत्र बंद असलं तरी." बापू थोडा वेळ डायनामोकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तू? काल म्हशीला पेंड घालायला सांगितलं होतं." मुख्तियारनं तेवढ्यात तार टेकवली, निळी ठिणगी उडाली, आणि तो हसला, ठिणगीमुळे की माझ्यामुळे हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. कुंपणाच्या भिंतीवर पाय सोडून बसलेली बसंतही हसली. तिचे पुढचे दोन दात तेव्हा पडलेले होते.

पुढं बसंतचा नवरा तरुणपणीच गेला. मी शहरात नोकरीला, जमिनीवर परत येणार नाही हे सगळ्यांना कळून चुकलेलं. बापूंनी ट्रॅक्टर स्वतः चालवत नेला आणि तिच्या अंगणात उभा केला. "उशिरानं दिलेला हुंडा समज," म्हणाले, पाणी न पिता पायी परत निघाले. त्याच ट्रॅक्टरवर तिनं नांगरट केली, जगसीरला वाढवलं, आणि दर माघीला, म्हणजे संक्रांतीला, गावच्या बायकापोरांची ट्रॉली मुक्तसरच्या जत्रेला नेली. पहाटेच्या धुक्यात, तीन तास. त्या रस्त्यावर त्या दिवशी ट्रॉली ओढणारी ती एकटीच बाई असते. पत्रातलं "मी बसणार नाही" हे मला बोटाला बसलेल्या त्या चाव्यासरशी ऐकूच आलं, दात पडलेल्या तोंडानं.

बोट अजून झिणझिणत असतानाच मी पिशवी भरली असावी. दोन जोड, चष्मा, आणि पोस्टातून आणून ठेवलेलं एक कोरं आंतर्देशीय. बस निघाली तेव्हा उत्साह होता, पण मोगा येईपर्यंत तो खिडकीच्या फटीतून निघून गेला. मी कशाला चाललोय? पस्तीस वर्षांपूर्वी वाचलेलं एक पान, तेही बसंतच्या गावी पोचेपर्यंत आठवेल की नाही कोण जाणे. ते पुस्तक तर कधीच वाळवीनं खाल्लं होतं. शेजारची बाई किन्नू, आमच्याकडची संत्री, सोलून साली माझ्या पायाशी टाकत होती. मोग्याच्या अड्ड्यावर मी पिशवी घेऊन उभा राहिलो, दारापर्यंत गेलो, थांबलो. "बाबाजी," कंडक्टर म्हणाला, "उतरायचंय का उभ्यानं मोगा बघायचाय?" मागून कुणीतरी म्हणालं, "बघू दे रे, बघण्यासारखं काही सापडलं तर आम्हालाही सांगतील." सगळी बस हसली. मी परत जागेवर येऊन बसलो. शेजारच्या बाईनं किन्नूच्या दोन फोडी माझ्या हातावर ठेवल्या, गोड होत्या. लोकांच्या हसण्यानं माझ्या आयुष्यातले बरेच निर्णय झालेत, आणि त्यातले बहुतेक वाईट निघालेले नाहीत.

बसंतच्या गावाच्या, चक झंडाच्या फाट्यावर उतरून चालत गेलो तर गावाच्या तोंडाशीच ट्रॅक्टर. वर बसंत, डोक्यावरची ओढणी कानांमागे घट्ट खोचलेली, आणि मागून चार माणसं धक्का मारताहेत. तिनं मला बघितलं. खाली उतरली नाही, सत् श्री अकाल नाही, काही नाही. "वीरा! बघतोस काय, ढकल!" मी पिशवी रस्त्याकडेला ठेवली आणि ढकलू लागलो. मडगार्डचं लोखंड गार आणि ओलसर होतं. मी ढकलल्यानं काही फरक पडला असेल असं मला वाटत नाही, पण इंजिन धडधडलं आणि सगळा काळा धूर माझ्या दाढीत आला. "आता पांढरी राहिली नाही, मामाजी, तरुण दिसताय," जगसीर म्हणाला, आणि धूर जायच्या आत वाकून माझ्या पायांना हात लावला. बसंत इंजिनाच्या वरताण ओरडली, "उत्तर कुठंय?"

"मी आलोय ना," मी म्हणालो.

"मी लिहून मागितलं होतं!"

"मामाजी, बेबेनं तुमच्या पत्राची वाट बघत पोस्टमनला इतका चहा पाजलाय," जगसीर आईकडे हात करून म्हणाला, "की पत्र नसलं तरी तो आता येतो."

पिंपळाखालच्या कट्ट्यावर पत्ते खेळत नाहर सिंग बसला होता, बसंतच्या सासरचा, माझ्याच वयाचा. त्यानं पानांवरून डोळे न काढता विचारलं, "किती दिवस मुक्काम, ग्यानीजी? म्हण तुम्हाला ठाऊक असेलच, शिकलेली माणसं तुम्ही." दोन महिने ज्या वाक्याला घाबरून मी कागद फाडत होतो ते गावात शिरतानाच समोर येऊन बसलं होतं. बसंतनं ट्रॅक्टरचा वेग जरासुद्धा कमी केला नाही. "नाहरा," ती वरून म्हणाली, "कुत्रा राखण तरी करतो. तुझा कुणाला काय उपयोग आहे ते सांग." कट्टा इतका हसला की नाहरचे पत्ते उघडे पडले. मीही हसलो, मात्र उशिरा, सगळ्यांचं झाल्यावर.

खोलीचा चुना खरोखर ताजा होता. पलंगावर गोधडी, कोनाड्यात कंदील, आणि भिंतीत एक नवी लाकडी फळी, रिकामी. ती कशासाठी आहे हे विचारायचा मला धीर झाला नाही. मोहरीच्या पाल्याच्या भाजीवर लोण्याचा गोळा ठेवत बसंत म्हणाली, "खा." मी म्हणालो, "माघी झाली की निघेन." ती म्हणाली, "मक्याची भाकरी गार होते." तिच्या उजव्या कानाला ट्रॅक्टरनं कमी ऐकू येतं; पण मी तिच्या डाव्या बाजूला बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी ऊन पडायला दुपार झाली. अंगण ओलं, कोंबड्या ट्रॅक्टरखाली. जगसीरनं सगळी हकीकत सांगितली. शहरातून मिस्त्री आणला, त्यानं डायनामोतले कार्बन बदलले. मग कटआउटचा, म्हणजे डायनामो आणि बॅटरी जोडणारा-तोडणारा, डबा बदलला, मग पुन्हा तोच डबा बदलला, कारण आतली टोकं जळून काळी व्हायची. इंजिन वाढवलं की त्या डब्यातून कटकटकट आवाज येतो, दात वाजल्यासारखा. "पण काटा जमेकडे जातो, मामाजी. म्हणजे भरती तर होतेय. बॅटरीच खोटी निघते. दोन बदलल्या." मी मान हलवत होतो. मला समजत होतं असं नाही. मान हलवायची सवय. पुस्तकाचं पान आठवायचा प्रयत्न केला तर फक्त पानाचा कोपरा आठवला, तिथं मुख्तियारच्या बोटाचा तेलकट ठसा होता. मनात आलं, सांगून टाकावं की मला काही येत नाही, आणि संध्याकाळची बस धरावी. ते सांगायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "इंजिन बंद कर आणि दिवे लाव."

जगसीरनं इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं, दूरवर गुरुद्वाऱ्याच्या भोंग्यातून पाठ ऐकू येऊ लागला. दिवे लागले, पिवळे, आजारी. समोरच्या तक्त्यावरच्या गोल काचेत काटा हलला आणि अधिक चिन्हाकडे कलला.

"बघितलंत?" जगसीर म्हणाला. "जमा."

"इंजिन बंद आहे," मी म्हणालो.

"हो."

"डायनामो फिरत नाहीये."

"कसा फिरेल?"

"मग जमा कुठून होतंय?"

जगसीरनं काचेकडे बघितलं, मग दिव्यांकडे, मग आईकडे. "वाहेगुरूची कृपा," तो म्हणाला, पण आवाज खाली आला होता.

मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी भीती वाटली. काटा खोटं बोलतोय हे दिसत होतं. पण मग मला वाटू लागलं की खोटं मीच बोलतोय, की जमेची बाजू कुठली हेच मी विसरलो असेन, की काच कुणी उलटी बसवली असेल, की माझा चष्मा. मी कडबा कापायच्या यंत्रामागे जाऊन उभा राहिलो. तिथं ओल्या बरसीमच्या चाऱ्याचा हिरवा वास होता. खर्च होत असताना जमा दाखवणारा काटा. मला एकाएकी माझी लुधियान्याची खोली आठवली. तिथला माझा दिवस, फडक्यानं पुसलेली पुस्तकं, वेळेवर घेतलेला चहा, कुणाला त्रास न देता पार पडलेली संध्याकाळ, आणि रोज झोपताना मनात होणारी ती समाधानाची नोंद. आतलं रोज थोडं आणखी अंधुक होत होतं आणि काटा अधिकाकडे होता. हा विचार मला पुस्तकी वाटला, म्हणून मी तो तिथंच सोडला. मग काटा उलटा का, एवढाच प्रश्न उरला. तो एकटा उलटा झाला असेल की सगळंच?

परत आलो तेव्हा माझं लक्ष पहिल्यांदा त्या पेटीकडे गेलं. मडगार्डवर बसवलेली पत्र्याची पेटी, मोर काढलेली, लाल-काळे गोंडे सोडलेली. आमच्याकडे ट्रॅक्टरला एक वेळ ब्रेक नसला तरी चालतो, गाण्यांचा डेक लागतोच. "हा कधी बसवला?"

"वैशाखीला," जगसीर म्हणाला. "पहिल्याच दिवशी फ्यूज उडाला. दुकानदार म्हणाला, ट्रॅक्टर जुन्या पद्धतीचा आहे, यात सगळं उलटं असतं. बॅटरीचं जे टोक बॉडीला हवं ते याच्यात दुसरीकडे आहे. त्यानं बॅटरीच्या दोन्ही तारा अदलाबदल केल्या. गाणं सुरू! स्टार्टर चालला, दिवे लागले, सगळं ठीक."

"आणि बॅटरी मरायला लागली ती कधीपासून?"

जगसीर बोटांवर महिने मोजू लागला. बसंतनं कमरेवर हात ठेवले. "गाण्यांमुळे मरते असं वाटलं आम्हाला," तो हळू आवाजात म्हणाला, "म्हणून गाणी बंद केली. तरी मरतच राहिली. मग ट्रॅक्टर चढावर उभा करायला लागलो."

"वैशाखीपासून माझी गाणी बंद!" बसंत म्हणाली. "आणि कारण हे?"

तर असं होतं. बॅटरीचं तोंड फिरवलं, त्याबरोबर काट्याचंही फिरलं, म्हणून जाणारं त्याला येणारं दिसू लागलं. पण डायनामोला कुणी सांगितलंच नाही. तो बिचारा आपली जुनी दिशा लक्षात ठेवून त्याच बाजूला वीज काढत होता, आणि कटआउटनं दोघांची गाठ घालून दिली की दोघं एकमेकांवर धावून जात. कटकटकट. मी हे सांगत असताना कट्ट्यावरून उठून नाहर सिंग आला होता आणि त्याच्यामागे आणखी दोघंतिघं. "नवराबायकोचं भांडण," नाहर म्हणाला. "मिस्त्रीनं मध्यस्थ दोनदा बदलला, भांडण कुणी ऐकलंच नाही."

"सोपं आहे," मी म्हणालो. "बॅटरी पूर्वीसारखी उलटी करू. डेक काढावा लागेल."

"डेक राहणार," बसंत म्हणाली.

"अगं, दुसरा मार्ग म्हणजे डायनामोला नवी दिशा शिकवायची. तो इतकी वर्षं एकाच बाजूनं..."

"मग शिकव."

"जुनं लोखंड आहे, बसंत."

"तुला काय ठाऊक, नाही म्हणेल म्हणून? विचारलंस का त्याला?" ती माझ्याकडे बघत होती, डायनामोकडे नाही. "आधीच आपलं ठरवून बसतोस. विचार तर. तोंडावर नाही म्हणाला तर बघू."

जगसीरनं डायनामोच्या लहान टोकाची तार सोडवली. तिथं दोन टोकं असतात, एक मोठं आणि एक लहान. मी "लहान" म्हणालो आणि म्हणताक्षणी शंका आली. खरंच लहान होतं ना? की विशीतल्या मला तो शब्द उच्चारायला बरा वाटला होता म्हणून तेवढाच राहिला? चुकलं तर डायनामो जाणार, माघी जाणार, आणि गावात पुढची वीस वर्षं हा किस्सा राहणार. मी डोळे मिटले. बाजेचा काथ्या मांडीला टोचत होता, शेवरीची सावली पानावर हलत होती, आणि एक कोवळा, फाजील आत्मविश्वासाचा आवाज वाचत होता: लहान टोकाला, क्षणभर. तो आवाज माझा होता. मला तेव्हा शंका येत नसत. जगसीरनं बॅटरीवरून तार आणली आणि माझ्याकडे न बघता टेकवायला निघाला. बसंतनं त्याच्या हातातून ती काढून घेतली आणि माझ्यापुढे धरली.

"तू लाव."

"बापू म्हणायचे..."

"बापू काय म्हणायचे ते मीही भिंतीवर बसून ऐकलंय. लाव."

मी तार घेतली. स्वेटरचा तो लांब हात मनगटावरून खाली घसरत होता, तो किरननं, जगसीरच्या बायकोनं, लहान पोराचा सावरावा तसा दुमडून दिला. मी टेकवलं. निळी ठिणगी, बारीकसा चट् आवाज, जळक्या तांब्याचा वास. संपलं. तीच होती. मधे काही गेलंच नव्हतं. शेवरी होती, मुख्तियार होता, फक्त हात या वेळी माझा होता. कुणी हसलं नाही. मग मीच हसलो, पहिल्यांदा, सगळ्यांच्या आधी.

कटआउटची टोकं खरखरीत कागदानं घासली, तारा जोडल्या, काट्याच्याही तारा बदलल्या. चौघांनी धक्का दिला, नाहरही लागला, "माझा उपयोग बघून घे" म्हणत. इंजिन धडधडलं. जगसीरनं वेग वाढवला आणि आम्ही सगळे त्या डब्याला कान देऊन उभे राहिलो. एकदाच टक् झालं. पुन्हा काही नाही. काटा हळूहळू, संकोची पाहुण्यासारखा उठला आणि जमेकडे जाऊन थांबला. पण त्याच्यावर आता कुणाचा विश्वास नव्हता. "बंद कर," मी ओरडलो. मी ओरडलो! "दिवे लाव!" इंजिन थांबलं, दिवे लागले, आणि काटा मधली रेघ ओलांडून दुसऱ्या बाजूला पडला.

"खर्च!" जगसीर नाचत सुटला. "खर्च दाखवतोय! बेबे, खर्च!"

"नुकसान झाल्यावर इतका खूश होणारा जाट मी पहिल्यांदा बघतोय," नाहर म्हणाला. किरननं पेटीचं झाकण उघडून कॅसेट ढकलली. मोर थरथरला, गोंडे थरथरले, आणि वैशाखीपासून आत कोंडलेलं गाणं मधल्याच ओळीपासून बाहेर आलं. बसंतनं टाळी वाजवली, ओढणी कमरेला खोचली आणि ट्रॅक्टरभोवती गिद्ध्याच्या नाचाचा एक फेरा घेतला. गुडघे दुखतात म्हणून एकच, पण पुरा. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझा उजवा पाय ताल धरून हलत होता. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी तो थांबवायचा विचार केला, आणि थांबवला नाही.

लोहडीच्या दिवशी दुपारी खोलीत बसून मी ते कोरं आंतर्देशीय काढलं. दोन ओळी लिहिल्या. वाचून बघितलं नाही. डिंक चाटून घडी चिकटवून टाकली, म्हणजे मोह नको.

माघीच्या पहाटे धुकं इतकं होतं की ट्रॉलीच्या मागच्या टोकाला बसलेल्या बायका फक्त आवाजानं ओळखू येत होत्या. बसंतनं बटण दाबलं; कुणीही ढकललं नाही. दिवे लागले, आणि धुक्यात दोन पिवळ्या वाटा पडल्या. मी तिच्या डाव्या बाजूला मडगार्डवर, दोन्ही हातांनी पकडून बसलो होतो. जगसीर मागे पोत्यांवर, बायकांमध्ये. त्यांनी त्याला शेंगा सोलायला लावलं होतं. "बसंत कौरे," मागून एक म्हातारी ओरडली, "मडगार्डवर कोण गं हा पाहुणा?"

"पाहुणा कसला!" बसंत मान न वळवता म्हणाली. "माझा मिस्त्री आहे. पगार नाही, भाकरीवर ठेवलाय."

"कायमचा?"

रस्त्यात खड्डा होता, बसंतनं गिअर बदलला. मी काट्याकडे बघत होतो. दिवे चालू, इंजिन चालू, काटा रेघेच्या किंचित पलीकडे, जमेकडे, आणि तो तिथं असण्याचा अर्थ आता खरोखर जमा असाच होता.

मुक्तसरच्या वेशीपाशी गर्दीनं वाट अडली तेव्हा ऊन वर आलं होतं. ट्रॉलीतून पोरं टपाटप उतरली. चहाच्या टपरीशेजारी पोस्टाची लाल पेटी होती. मी मडगार्डवरून उतरलो, गुडघे अवघडलेले, आणि खिशातून पत्र काढलं. बसंतनं वरून मान तिरकी करून पत्ता वाचला. एकेक अक्षर ओठांवर, मी शिकवलं होतं तसं. तिचंच नाव, मग चक झंडा. डोळे पुसायला तिनं ओढणी वापरली नाही, धूर गेल्यासारखी नुसती उघडझाप केली.

"जत्रेची सुट्टी आहे," ती म्हणाली. "पोचायला आठवडा लागेल याला."

"लागू दे," मी म्हणालो. "मी घरीच आहे."

आणि पत्र सोडलं. आत, तळाशी, एकदाच टक् असा आवाज झाला.